संगणकाची खतावणी : लिनक्स यंत्रावरील पॅकेजे आणि त्यांचा हिशेब

तमिळनाडूतील कुंभकोणम शहराजवळ, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, इन्नंबूर नावाचे एक खेडे आहे. तेथील शिवमंदिरातील देवतेचे नाव एळुत्तरिनाथर. ‘एळुत्तु’ म्हणजे अक्षर आणि ‘अरि’ म्हणजे जाणणे. तेव्हा अक्षर जाणणारा नाथ, असा ह्या नावाचा अर्थ होतो. नावामागची आख्यायिका अशी सांगतात की, पूर्वी ह्या मंदिराचा जमाखर्च एक कारकून सांभाळीत असे. राजाला त्या हिशेबाविषयी संशय आला व त्याने वह्या घेऊन समोर येण्याची आज्ञा केली. कारकून घाबरला आणि त्याने देवाचा धावा केला. पुढे तो भीतभीत राजापुढे गेला, तेव्हा राजा म्हणाला की, हिशेब तर तू आताच दाखवून गेलास आणि तो चोख आहे. कारकुनाचे रूप घेऊन देवच राजाला हिशेब देऊन आला होता. लहान मुलांना अक्षरारंभासाठी ह्या मंदिरात आणण्याची प्रथा आहे.

ह्याच मुलखावर १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसले राजांची सत्ता होती. त्या काळातील मोडी लिपीतील कागदपत्रे तंजावरला अजून जतन करून ठेवलेली आहेत. कशासाठी किती द्रव्य गेले, ते कोणाच्या आज्ञेने गेले, हे सांगणारा लेखी कागद असल्यामुळेच संशोधकांना आज त्या राज्याचा संसार डोळ्यांपुढे उभा करता येतो.

आता अशी कल्पना करावी की, इन्नंबूरसारख्या एखाद्या गावातील शाळेत किंवा वाचनालयात एक संगणक आहे. तो पाच-सहा वर्षे वापरात आहे. त्यावर कोणी शब्दकोश बसविला, कोणी चित्रकलेचे सॉफ्टवेअर बसविले, कोणी तमिळ आणि मराठी अक्षरांचे टंक बसविले; मध्येच एक शिक्षक बदलून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. एके दिवशी साठवणीची जागा भरून येते, किंवा वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक एका सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला आहे. तेव्हा संगणक सांभाळणाऱ्या माणसापुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो आख्यायिकेतील कारकुनापुढे उभा होता : ह्या यंत्रात नेमके काय काय आहे, ते केव्हा आले, कोणाच्या सांगण्यावरून आले, आणि त्यातील काय काढून टाकले असता चालेल?

लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकात ह्या प्रश्नाचे उत्तर लेखी स्वरूपात असते. ती वही कशी लिहिली जाते, ती कशी वाचावी आणि ती खोटी कशामुळे पडते, एवढाच ह्या पुस्तिकेचा विषय आहे.

वहीची गरज का पडली

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. पण गाभा म्हणजे संपूर्ण कार्यप्रणाली नव्हे. त्याभोवती शेकडो लहानमोठी सॉफ्टवेअरे लागतात आणि ती निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली असतात. प्रारंभी रीत अशी होती की, प्रत्येक सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर आणावा, आपल्या यंत्रावर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करावे आणि तयार झालेल्या फायली योग्य त्या ठिकाणी नेऊन ठेवाव्यात. एका सॉफ्टवेअरच्या फायली पाच ठिकाणी पांगत. दहा सॉफ्टवेअरे झाली की कोणती फाईल कोणाची हे सांगणे अशक्य होई. माल आत येण्याची सोय होती, बाहेर काढण्याची नव्हती.

ही अडचण दूर करण्यासाठी दोन परंपरा निर्माण झाल्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकत असलेल्या इयन मर्डॉक ह्यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. त्या प्रकल्पात १९९४ साली डीपीकेजी हे पॅकेज-व्यवस्थापक सॉफ्टवेअर तयार झाले. रेड हॅट ह्या कंपनीने १९९५ साली आरपीएम ही आपली पद्धती सुरू केली. दोन्हींची मूळ कल्पना एकच. सॉफ्टवेअर सुटे न देता ते गाठोडे बांधून द्यावे, गाठोड्यावर चिठ्ठी लावावी, आणि गाठोडे सोडताना त्यातील प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करावी. अशा गाठोड्यालाच पॅकेज म्हणतात.

डेबियनचे पॅकेज उघडून पाहिले तर त्यात तीन भाग दिसतात. पहिल्यात गाठोडे कोणत्या रचनेचे आहे तेवढाच आकडा असतो. दुसऱ्यात चिठ्ठी असते. तीत पॅकेजचे नाव, आवृत्ती, देखभाल करणाऱ्याचे नाव, थोडक्यात वर्णन आणि ‘हे पॅकेज चालण्यास आणखी अमुक पॅकेजे लागतात’ अशी यादी असते. तिसऱ्या भागात प्रत्यक्ष फायली असतात. चिठ्ठीतील शेवटच्या यादीला अवलंबित्व असे म्हणतात. शब्दकोशाच्या सॉफ्टवेअरला खिडकी रेखाटण्याचे काम दुसरे पॅकेज करून देते, अक्षरे रेखाटण्याचे काम तिसरे. आणि त्या प्रत्येकाला आपापल्या गरजा असतात. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. इतक्या मोठ्या गोतावळ्यातील नातीगोती माणसाने तोंडपाठ ठेवणे शक्य नाही. हे काम १९९८ पासून ॲप्ट नावाचे दुसरे सॉफ्टवेअर करू लागले. ॲप्ट बाजारात जाऊन माल आणतो आणि त्याबरोबर लागणाऱ्या वस्तूही आठवणीने आणतो; डीपीकेजी तो कोठारात लावतो आणि वही लिहितो. ही दोघांची कामाची वाटणी ध्यानात ठेवली, म्हणजे पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात.

भारतात, आणि त्यातही तमिळनाडूत, ह्या परंपरेचा थेट संबंध येतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजेच सी-डॅकच्या, चेन्नई येथील शाखेने ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००७ साली निघाली. आद्याक्षरांवरून तिला बॉस म्हणतात, आणि शाळांसाठी तिचे एज्युबॉस हे वेगळे रूपही आहे. बॉस ही डेबियनवर उभी असल्यामुळे तिच्यातही वही लिहिणारा डीपीकेजीच आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपीची देखभाल २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबविली, त्या सुमारास तमिळनाडू शासनाने आपल्या खात्यांना बॉसचा अवलंब करण्यास सुचविले होते. तेव्हा कावेरीकाठच्या कचेऱ्यांनाही ही वही परकी नाही.

वही वाचण्याची रीत

ही वही आज्ञा-ओळीवरून, म्हणजे कळफलकावर आज्ञा टंकित करून, वाचता येते. चित्रे आणि खिडक्या असलेली साधनेही आहेत. पण ती वहीची निवडक पाने दाखवितात. आज्ञा-ओळीवर संपूर्ण वही मिळते. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

सर्वांत साधी आज्ञा म्हणजे ‘डीपीकेजी’ लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ आणि लहान लिपीतील ‘एल’ लिहिणे. एंटरची कळ दाबताच पडद्यावरून शेकडो ओळी सरकत जातात. प्रत्येक ओळीत एका पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती, यंत्राचा प्रकार आणि एका वाक्यात वर्णन असते. नवखा वाचक नावाकडे पाहतो. परंतु जाणत्याची दृष्टी ओळीच्या प्रारंभी असलेल्या दोन अक्षरांकडे जाते. पहिले अक्षर ‘काय असावे’ हे सांगते आणि दुसरे ‘प्रत्यक्ष काय आहे’ हे सांगते. दोन्ही ठिकाणी ‘आय’ असेल, तर पॅकेज असावे अशी इच्छा आहे आणि ते पूर्णपणे बसलेलेही आहे, मेळ जुळला. पहिले अक्षर ‘आर’ आणि दुसरे ‘सी’ असेल, तर पॅकेज काढावे असे सांगितले गेले, ते गेलेही, पण त्याच्या मांडणीच्या फायली मागे राहिल्या आहेत. पहिले अक्षर ‘एच’ असेल, तर ह्या पॅकेजला हात लावू नये असे कोणीतरी बजावून ठेवले आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला ही दोन रकान्यांची रचना ताबडतोब समजली असती.

ह्या यादीपाशी थांबले तर वहीचा अर्धाच उपयोग होतो. ग्रंथालयातील दाखल नोंदवहीची उपमा येथे घ्यावी. ग्रंथपालाला दोन्ही बाजूंनी विचारता येते : अमुक देणगीतून कोणकोणती पुस्तके आली, आणि हातातले हे पुस्तक कोणत्या देणगीतले. डीपीकेजीलाही दोन्ही प्रश्न विचारता येतात. मोठ्या लिपीतील ‘एल’ आणि पुढे पॅकेजचे नाव लिहिले, की त्या पॅकेजने कोणत्या फायली कोठे ठेवल्या त्यांची यादी मिळते. मोठ्या लिपीतील ‘एस’ आणि पुढे फाईलचा पत्ता लिहिला, की ती फाईल कोणत्या पॅकेजची ते कळते. कोणा पॅकेजची ती नसेल, तर तसेही स्पष्ट उत्तर मिळते. आणि काही वेळा हेच उत्तर सर्वांत मोलाचे असते.

उदाहरण म्हणून देवनागरी टंक घेऊ. ‘लोहित’ नावाची भारतीय लिप्यांच्या टंकांची एक माला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेत तिचे मूळ काम झाले आणि रेड हॅटने २००४ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली केली. डेबियनमध्ये तिचा देवनागरी भाग ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ ह्या पॅकेजात आणि तमिळ भाग ‘फॉन्ट्स-लोहित-टीएएमएल’ ह्या पॅकेजात मिळतो. कुंभकोणमच्या परिसरातील एखाद्या संगणकावर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील, तर पहिला प्रश्न असा : देवनागरी टंकाचे पॅकेज वहीत आहे काय? नसेल, तर ते मागवावे. असेल, तर त्याच्या फायली जागेवर आहेत काय? दोन आज्ञांत शोध संपतो. अंदाजाने अर्धा दिवस घालविण्याचे कारण उरत नाही.

वही वाचण्यास कोणाच्याही परवानगीची जरुरी नाही, मात्र लिहिण्यास आहे. पॅकेज आणणे वा काढणे असेल, तर आज्ञेच्या आधी ‘सुडू’ हा शब्द लावून आपला अधिकार सिद्ध करावा लागतो. दाखल नोंदवही कोणीही चाळावी, पण तीत लेखणी ग्रंथपालानेच चालवावी, असाच हा नियम आहे.

‘हे येथे का आहे?’

काय आहे ह्याचे उत्तर डीपीकेजी देतो. का आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. त्याचा हिशेब ॲप्ट एका वेगळ्या वहीत ठेवतो. तीत पॅकेजांचे दोन वर्ग असतात. काही पॅकेजे माणसाने नाव घेऊन मागविलेली असतात. बाकीची, आणि संख्येने तीच अधिक, कोणाच्या तरी गरजेसाठी पाठोपाठ आलेली असतात. ‘ॲप्ट-मार्क शो-मॅन्युअल’ ही आज्ञा दिली की पहिल्या वर्गाची यादी मिळते. बाराशे पॅकेजे असलेल्या यंत्रातही ही यादी पुष्कळच आटोपशीर निघते, आणि यंत्र कोणत्या कामासाठी मांडले गेले ते तिच्यावरून दिसून येते.

शब्दकोशाचे सॉफ्टवेअर काढून टाकले, की त्याच्यासाठी आलेली दहा पॅकेजे पोरकी होतात. ‘ॲप्ट ऑटो-रिमूव्ह’ ही आज्ञा अशा पोरक्या पॅकेजांना शोधून काढते आणि त्यांची गुंतलेली जागा मोकळी करते. ही सोय चांगली आहे, पण तीतच एक खाचही आहे. काही पॅकेजांत फायली जवळजवळ नसतातच. ‘संपूर्ण कार्यालय’ किंवा ‘संपूर्ण पडदा-मांडणी’ अशा नावाखाली ती इतर पन्नास पॅकेजांना एकत्र बांधून ठेवतात. एखाद्याला पडद्यावरचा एक नकोसा खेळ काढावयाचा असतो. तो काढताना ही बांधणारी दोरी तुटते. आणि मग उरलेली सगळीच पॅकेजे वहीच्या दृष्टीने पोरकी ठरतात. पुढच्या वेळी आज्ञा दिली की यंत्र नम्रपणे विचारते : ही अमुक पॅकेजे काढावयाची आहेत, काढू काय? यादी न वाचता होकार देणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यापुढे बसतो.

असे घडल्याचे एक जगजाहीर उदाहरण आहे. कॅनडातील एका लोकप्रिय चित्रफीतकाराने २०२१ साली पॉप ओएस ह्या लिनक्सच्या एका रूपावर खेळांचे एक पॅकेज बसविण्याचा प्रयत्न केला. पॅकेजांच्या परस्परनात्यांत त्या वेळी एक चूक राहून गेली होती, त्यामुळे ॲप्टने सांगितले की हे बसवावयाचे तर पडद्याची मांडणीच काढावी लागेल. ‘होय, मी म्हणतो तसेच कर’ अशा अर्थाचे एक संपूर्ण वाक्य टंकित केल्याशिवाय ते पुढे जाईना. त्याने ते वाक्य टंकित केले आणि पडदा गेला. लाखो प्रेक्षकांनी हे पाहिले. दोष नात्यांची चिठ्ठी लिहिणाऱ्याचा होता हे खरे. पण सूचना पडद्यावर होती, हेही तितकेच खरे. ह्यानंतर ॲप्टच्या कर्त्यांनी ते वाक्य विचारण्याची रीतच काढून टाकली. अत्यावश्यक पॅकेज काढावयाचे तर आता आरंभीच तशी वेगळी खूण आज्ञेत द्यावी लागते.

म्हणून जाणते लोक मोठ्या फेरफारापूर्वी रंगीत तालीम करतात. ‘ॲप्ट’च्या आज्ञेत आडवी रेघ आणि लहान ‘एस’ घातला, की काय आले असते आणि काय गेले असते एवढे सांगून यंत्र थांबते. कोठारातील एकही वस्तू हलत नाही.

काढण्याचेही दोन प्रकार आहेत. ‘रिमूव्ह’ म्हटले तर पॅकेज जाते, पण मांडणीच्या फायली राहतात. वर सांगितलेली ‘आर’ आणि ‘सी’ ही जोडी अशा वेळी वहीत दिसते. ‘पर्ज’ म्हटले तर त्या फायलीही जातात आणि खाते बंद होते. आज काढलेले पॅकेज पुढच्या सत्रात पुन्हा लागणार असेल, तर पहिला प्रकार बरा.

वही खोटी केव्हा पडते

जोपर्यंत माल वहीतून आत येतो आणि वहीतूनच बाहेर जातो, तोपर्यंत हिशेब बरोबर राहतो. जागा कमी पडली म्हणून एखाद्याने ‘यूएसआर’ ह्या निर्देशिकेत जाऊन मोठ्या दिसणाऱ्या फायली हातानेच पुसून टाकल्या, तर वहीला त्याची वार्ता लागत नाही. पॅकेज पूर्णपणे बसलेले आहे असेच ती सांगत राहते. सॉफ्टवेअर मात्र चालत नाही, आणि ‘हे पॅकेज बसवा’ असे सांगितले तर ‘ते आहेच’ असे उत्तर येते. असा वितुष्टाचा प्रसंग शाळांतून फार वेळा येतो. पॅकेज पुन्हा मुळापासून बसविण्याची वेगळी खूण आज्ञेत देणे, हा त्यावर उपाय.

कोठारातील वस्तू मोजून वहीशी ताडून पाहण्याची सोयही आहे. पॅकेजबरोबर त्याच्या बहुतेक फायलींचे अंकमुद्रण आलेले असते. अंकमुद्रण म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठरावीक लांबीचा आकडा. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी तो आकडा बदलतो. मोठ्या लिपीतील ‘व्ही’ लिहून डीपीकेजीला विचारले, तर तो प्रत्येक फाईलचे अंकमुद्रण नव्याने काढतो, वहीतील आकड्याशी ताडतो, आणि जेथे फरक असेल तेवढ्याच ओळी दाखवितो. सर्व जुळले, तर तो काहीच बोलत नाही. नवख्याला हे मौन बिघाडासारखे वाटते. वास्तविक त्यासारखे चांगले उत्तर नाही.

दुसरा धोका दोन कारकुनांचा. पायथन ह्या संगणकभाषेची स्वतःची पॅकेजे आहेत आणि ती ‘पिप’ नावाच्या वेगळ्या साधनाने आणली जातात. हे साधन डीपीकेजीच्या कोठारात परस्पर माल ठेवू लागले, की एकाच वस्तूवर दोन वह्यांचा दावा निर्माण होतो. पुष्कळ यंत्रे ह्या भांडणात मोडली. डेबियनने २०२३ मधील आपल्या १२ व्या आवृत्तीपासून पिपला मुख्य कोठाराचे दार बंद केले आहे. विद्यार्थ्याने आपल्या प्रयोगासाठी वेगळी खोली करून घ्यावी, असे ते पिपमार्फत सुचविते.

वीज जाण्याचा प्रसंग तर आपल्या खेड्यांना सांगावयास नको. पॅकेज उलगडत असताना वीज गेली, तर काय होते? डीपीकेजी काम सुरू करण्यापूर्वी ‘अर्धवट’ असे लिहितो, फायली उलगडल्यावर ‘उलगडले’ असे लिहितो, आणि मांडणी पुरी झाल्यावरच ‘बसले’ असे लिहितो. त्यामुळे वीज परत आल्यावर काम कोठे अडले होते ते वहीत दिसते, आणि ‘कॉन्फिगर’ व त्यापुढे लहान ‘ए’ अशी आज्ञा दिली की राहिलेली मांडणी पुरी होते. खुद्द वहीच बिघडली, तर ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘बॅकअप्स’ ह्या कप्प्यात तिच्या मागील काही दिवसांच्या प्रती असतात. वही साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे माणसाला ती डोळ्यांनीही वाचता येते. रेड हॅटच्या परंपरेतील वही तशी वाचता येत नाही, तिला आरपीएमच्या आज्ञांनीच विचारावे लागते. बाकी दोन्हीकडचे प्रश्न तेच.

राजाची विचारणा

इतका सगळा खटाटोप जागा वाचविण्यापुरता असता, तर त्यावर पुस्तिका लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. खरी कसोटी निराळीच आहे, आणि अलीकडच्या काळात ती दोनदा फार कठोरपणे लागली.

संगणकांमधील संभाषण गुप्त ठेवण्याचे काम करणाऱ्या ओपन-एसएसएल ह्या पॅकेजात एक गंभीर दोष असल्याचे ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाले. ‘हार्टब्लीड’ ह्या नावाने तो ओळखला जातो. दोष आवृत्ती १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंत होता आणि १.०.१जी मध्ये तो दूर केला होता. जगभरच्या यंत्र सांभाळणाऱ्यांनी वही उघडली. डेबियनच्या तत्कालीन स्थिर शाखेत १.०.१ई असे लिहिलेले होते, म्हणजे दोषयुक्त टप्प्यातलेच. पुष्कळांनी डेबियनची दुरुस्ती बसविली आणि पुन्हा पाहिले, तो आकडा पुन्हा १.०.१ई च! दुरुस्ती झाली की नाही?

उत्तर आकड्याच्या शेपटीत होते. डेबियनची स्थिर शाखा नवी आवृत्ती आणून चालत्या यंत्रात खळबळ करीत नाही. जुन्याच आवृत्तीत तेवढा दोष दुरुस्त करते आणि शेपटीचा आकडा वाढविते. दुरुस्त पॅकेजची पूर्ण नोंद १.०.१ई-२+डेब७यू५ अशी होती. आडव्या रेघेच्या अलीकडचा भाग मूळ कर्त्याचा, पलीकडचा डेबियनचा. अर्धा आकडा वाचणाऱ्यांना दुरुस्त यंत्र रोगी वाटले असेल, हे उघड आहे.

दुसरा प्रसंग दहा वर्षांनंतरचा. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारे, फारसे कोणाच्या लक्षात न येणारे पॅकेज. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमाप करीत असताना त्याला असे आढळले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. अर्ध्या सेकंदाचा हिशेब लागत नाही म्हणून तो मागे लागला, आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुतः चोरदार ठेवलेले आहे, असे त्याने २९ मार्च २०२४ रोजी जगापुढे मांडले. हे काम टोपणनावाने वावरणाऱ्या एका सहकाऱ्याचे होते. त्याने दोन-अडीच वर्षे निमूटपणे उपयुक्त काम करून विश्वास मिळविला होता.

त्या रात्री सर्वत्र एकच प्रश्न विचारला गेला : आपल्या यंत्रावर एक्सझेड कोणत्या आवृत्तीचे आहे? ज्यांच्याजवळ वही होती त्यांना एका ओळीत उत्तर मिळाले. डेबियनच्या स्थिर शाखेत ती आवृत्ती पोहोचलीच नव्हती. ज्या शाखांत पोहोचली होती, तेथे जुनी आवृत्ती परत आणावयाची होती, आणि येथे एक मौजेची अडचण आली. ॲप्ट एरवी चढत्या आकड्यांकडेच जातो, ५.६.१ च्या जागी ५.४.५ आपण होऊन तो आणणार नाही. तेव्हा डेबियनच्या लोकांनी जुने पॅकेज नव्या नावाने पाठविले : ५.६.१+रिअली५.४.५-१. ‘रिअली’ म्हणजे खरोखर. नावाला ५.६.१, पण वास्तविक ५.४.५, असे त्या आकड्यातच लिहून दिले. नोंद पुढेच जावी असा नियम पाळूनही खरे काय ते वहीत उतरविण्याची ही युक्ती जुन्या जमाखर्चातील दुरुस्तीच्या नोंदीची आठवण करून देते : चुकीची ओळ खोडावयाची नाही, खाली नवी ओळ लिहावयाची.

ज्या यंत्रावर कोणी एक्सझेड परस्पर आणून, वहीबाहेर बसविले होते, त्याच्यापुढे मात्र कोणतीही यादी कामाची नव्हती. तेथे फाईल न् फाईल धुंडाळणे प्राप्त होते.

रोजकीर्द

खतावणीशिवाय लिनक्स यंत्रात एक रोजकीर्दही असते. ‘व्हार’ निर्देशिकेच्या ‘लॉग’ कप्प्यात ‘ॲप्ट’ नावाचा एक उपकप्पा आहे व त्यात ‘हिस्टरी’ नावाची फाईल आहे. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, टंकित केलेली आज्ञा जशीच्या तशी, ती कोणाच्या नावाने दिली गेली, आणि त्यामुळे कोणती पॅकेजे आली, गेली वा बदलली, हे तीत ओळीने लिहिलेले असते. बदलून आलेल्या शिक्षकाला आधीच्या शिक्षकाचा पत्ता शोधण्याची गरज पडत नाही. त्यांनी केलेले काम त्यांच्या नावासह तेथे असते.

मात्र ही रोजकीर्द सर्वकाळ टिकत नाही. महिना संपला की चालू फाईल बाजूला ठेवली जाते आणि नवी सुरू होते; नेहमीच्या मांडणीत अशा १२ जुन्या फायली राहतात आणि तेरावी आली की सर्वांत जुनी पुसली जाते. म्हणजे काय बसलेले आहे हे खतावणी अखेरपर्यंत सांगेल, पण ते कोणी बसविले हे साधारण एका वर्षानंतर सांगता येणार नाही. ज्या शाळेत किंवा वाचनालयात संगणक दहा वर्षे चालवावयाचा असेल, तेथे शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस दोन गोष्टी कराव्यात. ‘हिस्टरी’ फायलींची प्रत काढून ठेवावी. आणि ‘ॲप्ट-मार्क शो-मॅन्युअल’ ह्या आज्ञेचे उत्तर एका फाईलमध्ये उतरवून घ्यावे. ती यादी कागदावर छापली तर बहुधा दोन-तीन पाने होतात. यंत्र पूर्णपणे निकामी झाले आणि त्याच्या जागी नवे आले, तर हीच यादी ॲप्टच्या हाती द्यावी. बाकीची पॅकेजे तो स्वतः हुडकून आणतो. जडसंग्रह नोंदवहीत जेथे संगणकाची नोंद आहे, त्याच पानाला ते कागद टाचून ठेवावेत, म्हणजे खुर्च्या-बाकांची वार्षिक मोजणी होईल तेव्हा तेही समोर येतील.